दोब्रीमामाचं व्हिएन्नातलं घर

आमच्या गावात घर केवढं आहे हे खोल्यांवरून कुणी सांगत नाही, फाटकावरच्या सिंहांवरून सांगतात. सिमेंटचे सिंह, पांढरा रंग, कुरळी आयाळ, पुढचा एक पंजा चेंडूवर. गाव सर्बियाच्या पूर्व भागात, डॅन्यूबच्या काठी. निम्मं गाव ऑस्ट्रियात राबतं आणि उरलेलं निम्मं त्यांच्या घरांच्या किल्ल्या सांभाळतं. परदेशी नुकता गेलेला माणूस एका सिंहावर भागवतो. बस्तान बसलं की दोन. माझ्या दोब्रीमामाच्या फाटकावर दोन आहेत आणि तिसरा आत, कारंज्याच्या कडेला. कारंज्याला अजून पाणी जोडलेलं नाही, पण सिंह तयार आहे.

मामाचं घर तीन मजली आहे. जिना संगमरवरी, न्हाणीघरातले नळ सोनेरी. अकरा महिने खिडक्या बंद असतात. ऑगस्टात मामा-मामी येतात आणि महिनाभर राहतात ते मागच्या अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात. एक चूल, एक टेबल, एक खाट. "वर का राहत नाही?" असं कुणी विचारलं तर स्तामेन्कामामी म्हणते, "वर घाण होईल ना!" सोफ्यांवरचं दुकानातलं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, उन्हाळ्यात त्यावर बसलं की मांड्या चिकटतात आणि उठताना चर्रर्र आवाज होतो. बडा घर पोकळ वासा म्हणतात. मामाच्या घराचा वासा पोकळ नव्हता, नुसता गुंडाळून ठेवलेला होता.

मामा बुटका, मानेने जाड, हात फावड्यासारखे. ऑगस्टात पांढरे बूट घालून, हात पाठीमागे बांधून तो गावातून असा चालतो की कुत्रीसुद्धा बाजूला होतात. खोटं मात्र तो कधी बोलत नाही. "माझ्या बिल्डिंगमध्ये यंदा नवा बॉयलर बसवला," असं म्हणतो. "माझ्या बिल्डिंगमध्ये एक प्रोफेसर राहतो, एक दातांचा डॉक्टर राहतो." बस्स, एवढंच. पुढचं सगळं गावाने स्वतःच्या मेहनतीने उभं केलं.

ऑगस्टातल्या प्रत्येक लग्नात, राकियाचे, म्हणजे आमच्या घरगुती दारूचे, दोन-तीन पेले पोटात गेले की मामा खुर्चीवर उभा राहायचा. "ऐका रे सगळे! व्हिएन्नाला आलात आणि माझ्या घरी उतरला नाहीत, तर पुन्हा मला तोंड दाखवू नका!" सगळे म्हणायचे, येणार, नक्की येणार. जात कुणीच नसे. असं बोलायचं असतं आणि त्यावर असं जायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही. मी विद्यापीठात शिकत होते.

निश शहरात विद्यापीठात आम्ही तिघं एका वर्गात होतो: मी सेंका, माझी खोलीतली मैत्रीण तियाना आणि उरोश. तिघंही पर्यटनशास्त्राचे विद्यार्थी. ऑस्ट्रियातली पर्यटनस्थळं आम्हाला तोंडपाठ होती आणि तोवर आमच्यापैकी एकानेही देशाची सीमा ओलांडलेली नव्हती. तियाना लहानपणी संगीताच्या शाळेत पियानो शिकलेली, बोलायला कमी, बघायला फार. उरोश याच्या बरोबर उलट. त्याला एका वेळी एकच गोष्ट दिसते, आणि ती बहुधा ताटात असते. व्हिसाची भानगड संपली तेव्हा एका शुक्रवारी निघायचं, शनिवार-रविवार व्हिएन्ना बघायचं आणि सोमवारी वर्गात येऊन भाव खायचा, असं ठरलं.

"राहायचं कुठे?" तियानाने विचारलं.

"माझ्या मामाची बिल्डिंग आहे तिथे," मी म्हणाले. माझा आवाज जरा मामासारखाच लागला.

आईला फोन केला. आई दोब्रीमामाची सख्खी थोरली बहीण. मी लहान असताना ती एकदाच व्हिएन्नाला जाऊन आली होती. आल्यावर शेजारणींनी घेरलं तर "छान आहे घर" एवढंच म्हणून कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली होती. फोनवर सगळं ऐकून तिने विचारलं,

"तिथे हॉस्टेल-बिस्टेल काही नसतं का गं?"

मी थक्क झाले. ही माझी आई! नात्यातल्या माणसाचं घर असताना कुणी हॉटेलात उतरलं तर ती वर्षभर त्याच्याशी बोलत नाही.

"आई, मामा काय म्हणेल?"

"तेही खरंच," ती म्हणाली. "मग मी आजच कळवते त्याला. आयत्या वेळी जायचं नाही. आणि हे बघ सेंके, तो बसवेल तिथे बसायचं. देईल ते खायचं. कपाटं उघडायची नाहीत."

मला वाटलं, भावाची श्रीमंती हिला अजून पचलेली नाही.

आईने बसच्या ड्रायव्हरबरोबर निशला पिशवी पाठवली: जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी, भाजक्या मिरच्यांचा आयवार, चीज, राकिया आणि हातभर लांब सॉसेज. मांस सीमेपलीकडे नेता येत नाही हे हंगेरीच्या नाक्याजवळ तियानाला आठवलं. कायदा मोडायचा नाही म्हणून उरोशने सगळं सॉसेज तिथल्या तिथे खाऊन टाकलं. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं कायदेशीर काम असावं.

सकाळी बस पोचली तेव्हा मामा स्टँडवर उभा होता. अंगात ऑगस्टातला सूट, पण महिना एप्रिलचा. मला पोटाशी धरलं, माझे गाल ओढले, तियानाला आणि उरोशला आमच्या रीतीप्रमाणे गालांवर तीन-तीन मुके दिले आणि आमच्या तिन्ही बॅगा एका हातात उचलल्या. मग आम्हाला मोठ्या रस्त्याने न नेता मागच्या गल्ल्यांतून नेलं. गावात रस्त्याच्या मधून चालणारा माझा मामा इथे भिंतीच्या कडेकडेने चालत होता. हे मी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

बिल्डिंग खरंच डोळे दिपवणारी होती. पाच मजले, पिवळा रंग, प्रत्येक खिडकीवर एक दगडी बाई कपाळ धरून बसलेली. उरोश मान वर करून म्हणाला, "मामा, सगळी तुमची?"

मामा खाकरला. "दार जड आहे. खांदा लाव."

आत आल्यावर त्याने तोंडावर बोट ठेवलं. चवड्यांवर चालत आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो, कारण शेजारी झोपले होते. बाहेर चांगलं ऊन पडलं होतं. "शनिवारी उठत नाहीत इथे लोक," मामा कुजबुजला.

दारात मामी उभी होती, लग्नात घालायच्या कपड्यांत. उंबऱ्यापासून टेबलापर्यंत तिने पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या आणि आम्ही सपाता घालून त्या वाटेवरूनच चालायचं होतं. मला घरी आल्यासारखं वाटलं. मामाच्या गावच्या घरातही असंच चालतात. पण त्या चादरींच्या दोन्ही बाजूंना काय थाट होता! जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं, काळा पियानो, मखमली खुर्च्या.

"मामा, एवढी सगळी पुस्तकं वाचलीत तुम्ही?" उरोशने विचारलं.

"चाललंय हळूहळू," मामा म्हणाला.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी त्याच्यापुढे मुरंब्याची बरणी, चमचे आणि पाण्याचा पेला येतो. त्याआधी कोण कसं आहे हेही विचारत नाहीत. आम्ही आणलेलीच बरणी मामीने टेबलावर ठेवली, पाणी ठेवलं आणि चमचे आणायला गेली. पहिला खण उघडला. दुसरा उघडला. तिसऱ्यातून मेणबत्त्या निघाल्या. मामा बसल्या जागेवरून म्हणाला, "डावीकडे बघ गं, डावीकडे!" आणि डावीकडून निघालं बटाटे सोलायचं पातं. मामीच्या कपाळावर घाम आला. शेवटी ती हसत हसत तीन मोठे डाव घेऊन आली.

"व्हिएन्नात हीच पद्धत आहे," मामा म्हणाला.

आम्ही डावाने मुरंबा खाल्ला. उरोशला ती पद्धत फार आवडली.

मी मान वर केली तेव्हा समोरच्या भिंतीवर संत निकोलाची तसबीर दिसली. मामाच्या घराण्याचा हा संत; त्याच्याशिवाय आमचं घर घर होत नाही. तसबीर वीतभर. आणि तिच्या चारी बाजूंनी भिंतीवर एक मोठा फिकट चौकोन, खाटेएवढा. तिथून काहीतरी मोठं कालपरवाच उतरवलेलं होतं. तियानाही तिकडेच बघत होती. मग तिने नजर पियानोकडे वळवली.

"कोण वाजवतं?"

मामा म्हणाला, "मामी."

मामी म्हणाली, "मामा."

"म्हणजे दोघंही," मामा म्हणाला. "पण सध्या हात दुखतो."

"कुणाचा?"

"दोघांचाही."

मग जेवण सुरू झालं. जेवण म्हणजे आमच्याकडे बसायचं ते उठायचं नाही. सूप, सार्मा म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा-भात, भाजलेलं कोकरू, कोबी, परत सार्मा. गंमत अशी की हे सगळं आतल्या स्वयंपाकघरातून येत नव्हतं. मामी रिकामी भांडी घेऊन बाहेर जायची, बऱ्याच वेळाने धापा टाकत वाफाळती भांडी घेऊन यायची.

"आम्ही खाली उन्हाळी स्वयंपाकघर ठेवलंय," मामाने सांगितलं. "वर वास नको."

जगातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाला हे ऐकून हसू आलं असतं. व्हिएन्नात तिसऱ्या मजल्यावर राहायचं आणि उन्हाळी स्वयंपाकघर तळघरात! आम्हाला काही वावगं वाटलं नाही. चांगल्या घरात स्वयंपाक करायचा नसतो, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलो आहोत.

तिसऱ्या खेपेला मामी पायऱ्यांवर अडखळल्याचा आवाज आला, म्हणून मी भांडी उचलली आणि तिच्या मागे गेले. मामा ओरडला, "तू बस, सेंके! तू पाहुणी!" पण मी पोचलेही होते. अंगणातून चार पायऱ्या खाली एक दार होतं, त्यावर मामाचं नाव. दारापाशी बादल्या, पुसायची फडकी, खराटे, बल्बांचं खोकं. आत एक चूल, एक टेबल, एक खाट. खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे बूट दिसत होते. आणि खाटेच्या वर, चौकटीत बसवलेला मोठा फोटो: गावचं तीन मजली घर, सिंहांसकट.

मी भांडी खाली ठेवली. मामी सार्माचं झाकण हातात धरून खाटेवर बसली.

"वर कुणाचं घर आहे, मामी?"

"प्रोफेसरचं. नवरा-बायको डोंगरात गेलीत, उद्या संध्याकाळी येतील. झाडांना पाणी घालायला किल्ली असते आमच्याकडे." मग तिच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं. "तुझ्या आईचा फोन आला तेव्हापासून जेवला नाही बघ तो. मी म्हटलं, इथेच घेऊ पोरांना, जमिनीवर झोपतील, कुठे बिघडलं? तर म्हणतो, सेंका आपली आहे गं, पण ती दोघं परकी. गावभर होईल. तीस वर्षं मी काय म्हणून फिरलो तिथे?"

"पण कुणाला कळलं तर कामावरून काढतील ना मामाला!"

"काढतील की. ही खोलीही जाईल. पण त्याची त्याला भीती नाही." तिने डोळे पुसले, झाकण परत भांड्यावर ठेवलं. "सेंके, तुला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस. माझी शपथ आहे तुला. मरेल तो."

मला आधी राग आला. एवढं मोठं नाटक, आणि कुणासाठी, तर उरोशसाठी! ज्याला डाव आणि चमचा यातला फरक कळला नाही, त्याच्यासाठी! मग त्या फोटोकडे परत नजर गेली आणि राग कुठे गेला कोण जाणे. तिथे एवढं घर बांधून हा माणूस मागच्या स्वयंपाकघरात राहतो, आणि इथेही एवढी बिल्डिंग डोक्यावर घेऊन स्वयंपाकघरातच राहतो. मला रडू येत होतं आणि हातात गरम भांडं होतं. मी ते घेऊन वर गेले आणि म्हणाले, "मामा, तुझं उन्हाळी स्वयंपाकघर झकास आहे."

मामाने माझ्याकडे एक क्षण बघितलं. "गारवा असतो," तो म्हणाला.

त्या क्षणापासून व्हिएन्नाचा आणि माझा संबंध संपला. मामाची झाकली मूठ झाकलेली ठेवणं एवढंच माझं पर्यटन उरलं. उरोश पुस्तक काढायला उठला की मी त्याच्या ताटात कोकरू वाढायची. तियाना पियानोवरच्या फोटोंकडे वळली की मी तिला खिडकीतली दगडी बाई दाखवायची. पियानोवर दाढीवाल्या, चष्म्यातल्या एका उंच माणसाचे फोटो होते, त्याची बायको, त्याची मुलं, त्याचा कुत्रा.

"हा कोण?" उरोशने एकदा विचारलंच.

"मामाचा मित्र," मी म्हणाले.

"बायको-पोरांचेसुद्धा फोटो?"

"जिवलग मित्र."

शनिवारी दुपारी तियाना हळूच म्हणाली, "सेंका, आपण व्हिएन्नाला आलोय. आत्तापर्यंत आपण तीन प्रकारचं कोकरू पाहिलं. बाहेर कधी जायचं?"

मामाने ऐकलं. "जाऊ की! कॉफी घेऊन जाऊ." कॉफी झाली. कॉफीनंतर केक निघाला, केकनंतर राकिया, आणि राकियानंतर पोटाला आधार म्हणून परत सार्मा. पाहुण्याला ताटावरून उठवणं पाप आणि पाहुण्याने आपणहून उठणं अपमान, त्यामुळे कुणीच हललं नाही. खिडकीतून राजवाड्याचा हिरवा घुमट दिसत होता. परीक्षेत त्याच्यावर मी दोन पानं लिहिली होती.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मामाच्या तोंडचं पाणी पळालं. दारात दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी होती, नाकात बोलणारी, हातात काठी. तिने मामाला जर्मनमध्ये फैलावर घेतलं. आमच्यात जर्मन कळायचं ते फक्त मला, शाळेतलं. ती विचारत होती की प्रोफेसर लवकर आले का, एवढा आवाज कसला, आणि जिन्यावर कोबीचा वास का येतोय. मामा हात जोडल्यासारखा वाकून उभा होता. नळ दुरुस्त करतोय, म्हणाला. तिने आमच्याकडे बोट दाखवलं. ते नळवाले, मामा म्हणाला.

म्हातारी गेली. मामाने दार लावलं, सूट सारखा केला आणि आमच्याकडे वळला.

"काय म्हणत होती मामा?" उरोशने विचारलं.

"भाडं वाढवू नका म्हणत होती," मामा म्हणाला. तो खोटं बोलत नाही असं मी वर लिहिलंय, ते त्या दिवसापर्यंतचं.

झोपायला आम्हाला पलंग मिळाले नाहीत. गाद्या नव्या आहेत, मामी म्हणाली. आम्ही चादरींच्या वाटेवरच ओळीने झोपलो आणि मामा-मामी "आमच्या बाजूला जातो" म्हणून खाली गेले.

रविवारी नाश्त्याला मामाचा फोन वाजला. तो उठून उभा राहून बोलला. परत आला तेव्हा चेहरा चादरीसारखा झाला होता.

"चला! उठा! व्हिएन्ना बघायचंय ना तुम्हाला?" त्याने उरोशच्या हातातला पाव काढून घेतला. "सामान बांधा, दाराशी ठेवा. मामी बघेल. चला, चला!"

मी मामीकडे पाहिलं. तिने ओठ हलवले: दुपारी. डोंगरात पाऊस लागला होता, प्रोफेसर दुपारीच येत होते.

असं आम्ही व्हिएन्ना पाहिलं. शहराच्या जुन्या भागाभोवती गोल फिरणाऱ्या रस्त्यावर ट्राममध्ये मामाने आम्हाला बसवलं आणि उतरू म्हणून दिलं नाही. तो मधल्या वाटेत दांडी धरून उभा राहिला आणि दोन्ही बाजूंना हात करत सुटला.

"हे ऑपेरा. इथे आपल्या गावचा झिवा खुर्च्या पुसतो. हे म्युझियम. झिवाची बायको. हा राजवाडा, बापरे, खिडक्या बघ, आपल्या बोगोसावने पाठ मोडून घेतली इथे. हे पार्लमेंट. आत गेलो होतो मी एकदा, संडास तुंबला होता."

"मामा, राजाचं नाव काय?" उरोशने विचारलं.

"राजा गेला. बोगोसाव आहे अजून."

वर्गात आम्हाला हे असं कुणी शिकवलं नव्हतं. एक फेरी पुरी झाली. मामाने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "आता उलट बाजूने बघू." आम्ही तेच व्हिएन्ना उलट्या बाजूने पाहिलं. हसता हसता माझ्या पोटात दुखायला लागलं होतं, आणि मामा परत घड्याळाकडे बघताना दिसला की हसू बंद व्हायचं.

परत आलो तेव्हा घर आरशासारखं लखलखत होतं. मामीने चादरी उचलल्या होत्या, भांडी पुसली होती, खिडक्या उघडून कोबी बाहेर घालवला होता. मामाने आमच्या बॅगा उचलल्या. तियाना म्हणाली, "माझा स्कार्फ आत राहिला," आणि एकटी परत आत गेली. बराच वेळ लागला तिला.

आम्ही खालच्या जड दारापाशी पोचलो आणि ते बाहेरून उघडलं. पियानोवरचा दाढीवाला समोर उभा. शेजारी बायको, पुढे कुत्रा, मागे टॅक्सीतून उतरवलेल्या सुटकेस.

आणि मामा धावला. विचार करायला वेळ मिळाला असता तर तो धावला नसता. पण तीस वर्षांची सवय. आमच्या बॅगा त्याने खाली टाकल्या, कमरेत वाकला आणि प्रोफेसरच्या दोन्ही सुटकेस उचलल्या. मग त्याला आठवलं की आपल्या मागे कोण उभं आहे. तो तसाच थांबला, दोन हातांत दोन सुटकेस घेऊन, पाठ आमच्याकडे. त्याची जाड मान लाल झाली. वळायची त्याची हिंमत होत नव्हती.

माझ्या अंगात तेव्हा कोण संचारलं माहीत नाही. मी आमच्या भाषेत, ठणकावून बोलले, "बघितलंस का उरोश! याला म्हणतात आपला माणूस! एवढा बिल्डिंगचा मालक, पण भाडेकरू आला तर त्याचं सामान स्वतः उचलतो!"

उरोश भारावून गेला. "मामा, द्या, एक मला द्या!" म्हणून त्याने सुटकेस ओढली, पण मामाने ती सोडली नाही. प्रोफेसरनी जर्मनमध्ये विचारलं, "दोब्री, ही तुमची घरची मंडळी का?" मामाने मान हलवली. प्रोफेसरनी आमच्या तिघांचे हात हातात घेतले, म्हणाले, दोब्री नसते तर ही इमारत केव्हाच कोसळली असती.

"काय म्हणतोय भाडेकरू?" उरोश.

"मामाशिवाय ही बिल्डिंग उभी राहिली नसती म्हणतोय," मी सांगितलं. आयुष्यात इतकं खरं भाषांतर मी परत केलेलं नाही.

सुटकेस घेऊन मामा जिना चढायला लागला आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर थबकून त्याने मामीकडे वळून पाहिलं. मला लगेच कळलं. संत निकोला! तसबीर भिंतीवरच राहिली होती. मामीला वाटलं मामाने काढली, मामाला वाटलं मामीने. प्रोफेसर पुढे, मामा मागे, आणि आम्ही खाली उभे. मामी अंगणाच्या दारात उभी राहून पुन्हा पुन्हा छातीवर क्रूस काढत होती. वरून किल्लीचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, मग काहीच नाही.

मामा खाली आला तो हातांनी भिंत चाचपडत. मामीच्या कानात त्याने काहीतरी सांगितलं. मला एवढंच ऐकू आलं, "त्यांचं ते मोठं तळ्याचं चित्र आहे तिथे. जिथल्या तिथे."

बसस्टँडवर मामाने आम्हाला परत तीन-तीन मुके दिले. माझे गाल जरा जास्तच जोरात ओढले. बस सुटायच्या बेतात असताना तियानाने खिडकीतून हात बाहेर काढला. हातात स्कार्फमध्ये गुंडाळलेलं काहीतरी वीतभर होतं.

"मामी, हे राहिलं होतं तुमचं. स्कार्फही ठेवा."

मामीने ते छातीशी धरलं. मामाने आपल्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं. बस हलली.

शहर मागे पडेपर्यंत तियानाने बाहेरचं व्हिएन्ना बघून घेतलं. मग म्हणाली, "चित्र पियानोच्या मागे होतं. जड होतं गं." एवढंच. उरोश तेव्हा झोपला होता. जागा झाल्यावर त्याने निशला फोन करून तीन मित्रांना सांगितलं की सेंकाच्या मामाकडे प्रोफेसर भाड्याने राहतात, आणि मामा इतका साधा आहे की त्यांची बॅगसुद्धा उचलतो. पंधरा दिवसांत ही बातमी निशहून गावात पोचली. या ऑगस्टात मामाने फाटकावर चौथा सिंह बसवला तर तो उरोशच्या नावाचा.

व्हिएन्नाहून आल्यावर पुढच्याच आठवड्यात मी गावी गेले. आई अंगणात मिरच्या निवडत बसली होती. शेजारची मिल्येना कुंपणावर रेलून उभीच होती. "काय गं सेंके, कसंय मामाचं घर?"

"छान आहे," मी म्हणाले. "मोठं आहे. तिसऱ्या मजल्यावर. पुस्तकं आहेत, मखमली खुर्च्या आहेत. पियानो आहे."

"पियानो!" मिल्येना म्हणाली आणि ही बातमी घेऊन लगबगीने गेली.

आई मिरच्या निवडत राहिली. मिल्येनाचं फाटक वाजल्यावर तिने हातातली मिरची टोपलीत टाकली.

"पियानो का?" ती म्हणाली. "मी गेले होते तेव्हा पहिल्या मजल्यावर राहायचे ते. पोपट होता."

तिने मान वर केली नाही.

"चमचे सापडले का गं या वेळी स्तामेन्काला?"